वासराची पांढरी हगवण : गोळी ठेवा बाजूला, चीक पाजा

प्रश्न (पारोळा तालुका) : गाय विऊन तीन दिवस झाले. वासरू कालपासून पांढरट-पिवळं, पाण्यासारखं हगतंय. त्याच गोठ्यातली दोन महिन्यांची कालवड ठणठणीत आहे. दुकानदाराने माणसाच्या जुलाबाच्या गोळ्या दिल्या, दुप्पट द्या म्हणाला. देऊ का? घरातल्या लेकरांना लागेल का? आणि जनावराच्या विम्याला काय लागतं?

उत्तर : देऊ नका भाऊ. दुप्पट तर नाहीच, एकही नाही. जुलाब थांबवणाऱ्या गोळीने आतडं थंडावतं आणि घाण, विष आतच राहतं.

पहिल्या तीन-चार दिवसांत अशी हगवण लागली की बहुतेकदा ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूच्या के-९९ जातीवर संशय घ्यावा. या जंतूच्या अंगावर केसासारखे धागे असतात. आघाड्याचं बी धोतराला चिकटतं, पितळी तांब्याला नाही; तसंच हे. नवजात वासराच्या लहान आतड्यातल्या पेशींवर एक ठरावीक साखर असते, तिलाच हे धागे धरतात. पकड मिळाली की जंतू तिथे वाढतो, विष सोडतो आणि अंगातलं पाणी आतड्यात ओढतो. पकड मिळाली नाही तर शेणाबरोबर वाहून जातो. वय वाढेल तशी ही पकडायची जागा कमी होते, म्हणून तुमची कालवड ठणठणीत. माणसाच्या शरीरात ही साखर तयारच होत नाही, त्यामुळे हा जंतू लेकरांना धरत नाही. पण हगवणीत दुसरेही जंतू असतात आणि ते माणसाला लागतात. हात साबणाने धुवा. करडं-कोकरं मात्र आजच वेगळी बांधा, त्यांना धोका आहे.

वासरू मरतं ते पाणी आटून. अँटिबायोटिकने ते पाणी परत येत नाही. दुकानदार पावडर देईल, इंजेक्शन देईल, पाणी देणार नाही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसचं एक पाकीट, कोमट करून, थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. दूध बंद करू नका. दूध आणि ओआरएस यांत दोन तासांचं अंतर ठेवा. बाटली तोंडात खुपसून ओतू नका, फुप्फुसात जातं. मानेची चिमटीत धरलेली कातडी लगेच बसत नसेल, डोळे खोल गेले असतील, कान गार असतील, वासरू चोखत नसेल तर तासभरही थांबू नका. सलाईन लागतं. जनावरांच्या डॉक्टरांसाठी १९६२ या मदत क्रमांकावर फोन करा.

आता चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध. वार (जार) पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, हे आपल्याकडे गावोगाव ऐकतो. साफ चूक! वासरू उभं राहिलं की पहिल्या दोन तासांत पाजा. २५ किलोच्या वासराला पहिल्या दिवशी अडीच लिटर तरी, तीन-चार वेळांत. चोवीस तासांनी आतडं चिकातली प्रतिकारद्रव्यं रक्तात घेत नाही. पण पुढचे तीन दिवसही चीक द्या, कारण तीच द्रव्यं आतड्यात जंतूच्या धाग्यांना गुंडाळतात आणि पकड बसू देत नाहीत. खरवस उरलेल्या चिकाचा करा, वासराच्या वाट्याचा नको.

लस मिळाली तर ती गाभण गाईला, शेवटच्या दोन महिन्यांत, डॉक्टरांच्या सल्ल्याने. वासरू हगायला लागल्यावर लस विकत असेल त्याला परत पाठवा.

विम्याचं विचारलंत : कानात १२ अंकी बिल्ला लागतो, बाकी दवाखान्यात विचारा.