सिंहस्थासाठी लोन काढायच्या आधी

बाळा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. लॉजच्या खोल्या रिकाम्या, बुकिंग नाही, बाबांना रात्री झोप नाही आणि आता बँकेचं लोन काढून एसी, नव्या टाइल्स, लिफ्ट सगळं करून घ्यायचं म्हणजे २०२७च्या सिंहस्थात पर्वण्यांना, शाही स्नानाच्या दिवसांना, एकदम वसूल होईल असा तुझा प्लॅन. लोनचं बोलतेच, पण आधी बाहत्तरच्या दुष्काळाचं सांगते, कारण नाशकात पंचवटीत लॉज चालवणाऱ्या घरात दुष्काळ कसा शिरतो ते मी चौथीत असताना बघितलंय.

आमचा वाडा म्हणजे खाली आम्ही आणि माडीवर यात्रेकरू. ६८चा सिंहस्थ होऊन गेलेला, ६९च्या पुरात खालच्या भिंती भिजून पोपडे सुटलेले आणि पुढचा सिंहस्थ थेट ८०ला. मधली सगळी वर्षं घर चालायचं ते रामकुंडावर अस्थी घेऊन येणाऱ्यांवर, दशक्रियेला येणाऱ्यांवर. दुष्काळ पडला तसे नुसते दर्शनाला येणारे बंद झाले, ही माणसं मात्र येतच राहिली. नगरकडून, बीडकडून एसटीने यायची, दुष्काळी कामावर खडी फोडून हात सोलवटलेले, गुरुजींची दक्षिणा देऊन झाली की परतीच्या तिकिटापुरतेच पैसे उरायचे. वडील भाडं मागायचे नाहीत. वहीत नाव, गाव लिहायचे आणि पुढे ‘बाकी’ एवढंच. पीकपाणी सुधारल्यावर त्यातले बरेच जण स्वतःहून येऊन बाकी देऊन गेले, काहींच्या घरची माणसं नंतरही कधी नाशकात आली की आमच्याकडेच उतरायची. वडिलांचं ते वागणं मला तेव्हाही पटायचं आणि आजही पटतं.

पण त्या वहीत आई कुठेच नव्हती.

रेशनवर तेव्हा मिलो मिळायची, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, पिठाला चिकटपणाच नाही त्यामुळे भाकरी थापतानाच कडेने फाटायची. आई त्याच पिठातून माडीवरच्यांसाठी पण भाकरी टाकायची, वर कुणी उपाशी झोपलंय आणि आपण खाली जेवतोय हे तिला सहनच होत नव्हतं. मग ती स्वतः किती जेवायची ते विचारू नकोस. पहाटे उठून बंब पेटवायचा, चादरी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, नेऊन धुवायच्या, गाद्या गच्चीवर उन्हात टाकायच्या. आधी या कामांना एक बाई यायच्या, त्यांना बंद केलं आणि तेवढा खर्च वाचला असं धरलं गेलं. वाचला कुठला, ते काम आईच्या आणि आम्हा बहिणींच्या अंगावर आलं. ताईची शाळा सातवीत सुटली ती कायमची. आणि वही बघितलीस तर लॉज तोट्यात नव्हतं, अगदी शेवटपर्यंत नव्हतं.

म्हणून तुला पहिलं काम हे सांगते की एक महिनाभर खरा हिशोब लिही. तुझी आई किती वाजता उठते, किती चादरी धुते, तू कॉलेज बुडवून किती वेळ काउंटरवर बसतेस, तेवढ्या कामाला बाहेरचा माणूस ठेवला तर पगार किती द्यावा लागेल, सगळं खर्चात टाक. कदाचित दिसेल की लॉज कधीच फायद्यात नव्हतं, तुम्ही दोघी ते ओढत होतात. बाबांना वाईट वाटेल, वाटू दे, पण आकडे त्यांच्यासमोर ठेव.

आता लोन. २०१५ला नाशकात शाही स्नानं तीन झाली, २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबर. पहिल्या पर्वणीला बंदोबस्त इतका कडक होता की गाड्या शहराबाहेरच अडवल्या, लोकांना लांबून चालत यावं लागलं आणि गर्दी अंदाजापेक्षा कमी झाली. अशा तीन-चार दिवसांच्या भरवशावर कित्येक वर्षांचा हप्ता गळ्यात घेऊ नकोस गं. लिफ्ट तर नकोच. त्यापेक्षा तळमजल्यावरच्या दोन खोल्या म्हाताऱ्या माणसांसाठी नीट कर, बाथरूममधे धरायला दांडा, कमोड, आणि पहाटे पाचला गरम पाणी मिळालंच पाहिजे, विधीला निघणाऱ्यांना तेच लागतं. एवढं घरच्या पैशात होईल.

ॲपवर लॉज टाकायचं असेल तर टाक, कमिशन धरून रेट लाव. पण अस्थी घेऊन कुणी दारात आलं तर पर्वणी असो नसो, त्यांना नेहमीचाच रेट. कुणाला सूट द्यावीशी वाटली तर जरूर दे, फक्त ती वहीत सूट म्हणून लिही, म्हणजे महिनाअखेर कळेल की आपण किती दिलं आणि ते आईच्या झोपेतून तर गेलं नाही ना.

आणि धाकट्याची खोली सीझनला भाड्याने देता असं लिहिलंयस ते बंद करा. दहावीचं वर्ष आहे त्याचं. आम्ही पण आमच्या वळकट्या उचलून माजघरात जायचो, कधी कधी मध्यरात्री झोपेतून उठवून, आणि वर माणसं रडत असायची ते रात्रभर ऐकू यायचं. लहान पोरांना हे कुणी समजावून सांगत नाही.

हिशोबाचा महिना पूर्ण झाला की वही घेऊन ये, आईला पण बरोबर आण. बँकेच्या कागदांवर तोपर्यंत सही करू नका, बाबांना सांग मी सांगितलंय म्हणून.

तुझी,
मावशी