अमेरिकेत महायुद्धानंतरच्या जुन्या रिव्हॉल्वरांचा संग्रह कसा सुरू करावा? झिजलेले रिव्हॉल्वर नव्याने ब्लूइंग करून घ्यावे का?

आपण पेनसिल्व्हेनियात राहता, स्मिथ अँड वेसनची 1946 नंतरची रिव्हॉल्वरे जमवू इच्छिता, पहिले कोणते घ्यावे असे विचारता, आणि ब्लूइंग (पोलादाला गंजापासून वाचवणारा निळसर-काळा थर) उडालेले एखादे स्वस्तात मिळाले तर त्यावर नव्याने ब्लूइंग चढवून घ्यावे का, हेही विचारता. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठाम नकारार्थी आहे, आणि त्याविषयीच मला सविस्तर लिहायचे आहे.

माझ्या संग्रहातील मला सर्वांत प्रिय असलेले रिव्हॉल्वर म्हणजे स्मिथ अँड वेसनचे एक के-22 मास्टरपीस, .22 कॅलिबरचे नेमबाजीचे रिव्हॉल्वर. आमच्या शेजारी राहणारे एक वृद्ध लेथ कारागीर वारले, तेव्हा त्यांच्या पत्नीने ते मला दिले. येथील कायद्याप्रमाणे हस्तांतर परवानाधारक विक्रेत्याकडे जाऊन रीतसर केले. त्या कारागिरांनी ते अनेक वर्षे चामड्याच्या म्यानात बाळगले होते, त्यामुळे बॅरलच्या तोंडाशी आणि सिलिंडरच्या कडांवर निळा रंग जाऊन पांढरे पोलाद दिसते. मात्र उजव्या बाजूची अक्रोडाची ग्रिप (मुठीवरील लाकडी पट्टी) काढली, तेव्हा तिच्या आतल्या बाजूस ठोकलेला क्रमांक मुठीच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी तंतोतंत जुळला. सिलिंडरच्या मागच्या पृष्ठावरही तोच, आणि बॅरलच्या खालच्या सपाट भागावरही तोच. घोडा आणि चाप यांच्यावरील केस-हार्डनिंगचे (पोलादाचा पृष्ठभाग कठीण करण्याच्या प्रक्रियेचे) तपकिरी-निळसर ढग अजून जागच्या जागी आहेत. कारखान्यातून बाहेर पडलेले सारे भाग इतक्या वर्षांनंतरही एकत्र आहेत, हे पाहून मला जो आनंद झाला तो आजही कमी झालेला नाही.

आमच्या नेमबाजी क्लबातील एका ज्येष्ठ सदस्यांनी ते हातात घेतले आणि सर्वांसमक्ष सांगितले की, हे असे ठेवणे म्हणजे हेळसांड आहे, पॉलिश करून नव्याने ब्लूइंग करून घ्या. तेव्हापासून आमचा वाद चालू आहे. त्यांनी स्वतःचे के-38 (त्याच घडणीचे .38 कॅलिबरचे रिव्हॉल्वर) तसे करून घेतले असून ते अभिमानाने दाखवतात. मी ते बारकाईने पाहिले आहे. पॉलिशच्या चाकाने साइडप्लेटवरील (फ्रेमच्या बाजूला बसणाऱ्या झाकणावरील) स्क्रूंच्या छिद्रांच्या कडा बशीसारख्या खोलगट झाल्या आहेत, बॅरलवरील अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात, साइडप्लेट आणि फ्रेम यांच्यातील जो सांधा मुळात नखालाही जेमतेम जाणवावा तो आता डोळ्यांनी दिसतो, आणि घोडा व चापही काळे करून टाकले आहेत. जुनी पैठणी पुन्हा रंगवून आणली तर तिला जपणूक म्हणत नाहीत. हे त्याहून वेगळे नाही. पोलाद एकदा घासले गेले की ते परत येत नाही, आणि संग्राहक पैसे मोजतो ते त्या मूळ पृष्ठभागासाठी.

त्यांचा आवडता मुद्दा असा की, कारखानासुद्धा जुनी रिव्हॉल्वरे पुन्हा ब्लू करून देत असे. ते खरे आहे. परंतु कारखाना तसे काम करताना क्रमांकाशेजारी ताऱ्याची खूण ठोकत असे, आणि ग्रिपखाली फ्रेमवर महिना व वर्ष नोंदवत असे. म्हणजे काम झाल्याची नोंद त्याच वस्तूवर राहत असे. गल्लीतल्या बंदूक दुरुस्ताच्या टाकीतून निघालेल्या रिव्हॉल्वरावर अशी कोणती नोंद असते, याचे उत्तर त्यांनी मला आजवर दिलेले नाही.

आता पहिल्या खरेदीविषयी. मिलिटरी अँड पोलिस घ्या, म्हणजेच पुढे ज्याला मॉडेल 10 म्हटले गेले ते. ती प्रचंड संख्येने बनली, त्यामुळे चांगल्या मूळ स्थितीतील प्रत अजूनही परवडते आणि नजर तयार होते. मॉडेल क्रमांक 1957 पासून आले. सिलिंडर उघडल्यावर आतल्या खाचेत ते ठोकलेले दिसतात. महायुद्धानंतरच्या सुरुवातीच्या रिव्हॉल्वरांना पाच स्क्रू असतात, चार साइडप्लेटला आणि एक चापाभोवतीच्या कड्यापुढे. 1955 च्या सुमारास साइडप्लेटचा वरचा स्क्रू गेला आणि 1961 च्या सुमारास कड्यापुढचाही गेला. कोल्ट पायथनच्या मागे सुरुवातीलाच लागू नका, कारण त्याची किंमत नुसत्या नावासाठी मोजावी लागते आणि त्यातून शिकायला फारसे मिळत नाही.

गंज चालू असेल तर मात्र त्याला हात लावावाच लागतो: तेल आणि अगदी बारीक स्टील वूल, हलक्या हाताने, एवढेच. एखादे रिव्हॉल्वर आधीच कोणी खराब पॉलिश केले असेल आणि आपल्याला ते फक्त निशाणेबाजीसाठी हवे असेल, तर त्यावर पुन्हा ब्लूइंग केल्याने काही गमावत नाही, हेही मान्य करतो.

आपण एच-1बी किंवा तत्सम व्हिसावर असाल, तर हे सर्व वाचून खरेदीला निघू नका. संघीय कायद्यानुसार अशा व्हिसावरील व्यक्तीस शस्त्र बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना यांसारखे मोजके अपवाद आहेत, आणि ते वकिलाकडून समजून घ्यावेत. ग्रीन कार्ड असेल तर ही मनाई लागू होत नाही. पन्नास वर्षांहून जुन्या शस्त्रांसाठी क्युरिओ अँड रेलिक हा संग्राहकांसाठीचा संघीय परवाना मिळतो आणि त्यावर परराज्यातूनही थेट खरेदी करता येते, मात्र आपल्या राज्याचे नियम त्याबरोबर पाळावेच लागतात.