दमट हवेत टोमॅटोवर बुरशी: फवारण्याआधी पान उलटून बघा

तुमचा प्रश्न असा, की रत्नागिरीला अंगणात कुंड्यांत टोमॅटो लावलेत, दमट हवेनं पानांवर बुरशी येतेय, काय फवारू? मी लातूरचा. ह्याला समुद्राचं काय कळतंय म्हणाल, पण नोकरीपायी तीन वर्षं रत्नागिरीत काढली आणि दोन हंगामांचे टोमॅटो घालवून बसलो.

आमच्याकडे 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. झाडाला तांब्याभर घालायचं तरी जीव वर-खाली व्हायचा. रत्नागिरीत दारातच विहीर! मग काय, रोज संध्याकाळी पाइप धरून झाडांना डोक्यावरून अंघोळ. लातूरच्या कोरड्या हवेत ते पान लगेच वाळलं असतं, तिथं सकाळपर्यंत ओलंच. बुरशीचे बीजाणू रुजायला पानावर काही तास ओल लागते, ती मी हौसेनं पुरवत होतो.

आता तुमचं. वरून पिवळे डाग आणि पानामागं शेवाळी-तपकिरी मखमल दिसली तर तो ‘लीफ मोल्ड’ नावाचा बुरशीचा रोग, हवा कोंडली की हमखास. खालच्या जुन्या पानांवर एकात एक गोल वळी असलेले तपकिरी डाग म्हणजे करपा. पिठासारखी पांढरी पूड असेल तर भुरी. काळी काजळी बोटानं पुसून निघत असेल, तर मूळ दुखणं बुरशी नाहीच. पांढरी माशी नाहीतर मावा शोधा, त्यांच्या चिकट गोडव्यावर ती काजळी धरते.

डागाळलेली पानं तोडून घराबाहेर टाका, कंपोस्टात नको. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पानं चांगली असली तरी काढा, कारण करप्याचे बीजाणू मातीतून पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर तिथंच आधी चढतात. माझ्या कुंड्या एकमेकींना खेटून होत्या. दोन-दोन फूट सरकवल्या, झाडं काठीला बांधली, बुडाशी पालापाचोळा पसरला आणि सकाळी फक्त मुळाशी पाणी द्यायला लागलो, तेव्हा निम्मा त्रास औषधाविनाच गेला.

तरीही करपा चढत राहिला तर मॅन्कोझेब किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड ह्यांपैकी एक बुरशीनाशक, लिटरभर पाण्याला अडीच ग्रॅम, पानाच्या दोन्ही बाजूंना. औषध नवीन पानं वाचवतं, डाग पडलेलं पान काही हिरवं होत नाही. फवारणीनंतर किती दिवस फळ तोडायचं नाही ते पुडीवर असतं, ते पाळा. घरचं म्हणून लगेच खाऊ नका. भुरीला पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, पण कडक उन्हात मारलं तर पानं भाजतात.

आणि भर पावसात कोकणात उघड्यावर टोमॅटो लावूच नका, दसऱ्यानंतर रोपं टाका. सध्याच्या पानाचा फोटो टाकता आला तर टाका, पण मागच्या बाजूचा.