प्रवासपत्र आहे, पासपोर्ट नाही

प्रश्न : भाची जर्मनीत असते. जावई मूळचे सीरियाचे, निर्वासित म्हणून जर्मनीने त्यांना निळे प्रवासपत्र दिले आहे. डिसेंबरात घरच्या लग्नाला दोघे सोलापूरला येणार. भाचीचा ई-व्हिसा आला, जावयांचा अर्ज पुढे सरकत नाही. काय करावे?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : संकेतस्थळात बिघाड नाही. ई-व्हिसा साध्या पासपोर्टावरच मिळतो, १९५१ च्या निर्वासित करारानुसार दिलेल्या प्रवासपत्रावर नाही. जावयांना नेहमीचा, पुस्तिकेवर चिकटवला जाणारा व्हिसा घ्यावा लागेल. फॉर्म ऑनलाइन भरायचा, छापायचा आणि जर्मनीतल्या भारतीय व्हिसा केंद्रात द्यायचा.

घोटाळा बहुधा नागरिकत्वाच्या रकान्यात होतो. पुस्तिका जर्मनीने दिली म्हणून लोक ‘जर्मन’ लिहितात. तिथे पुस्तिकेत छापले आहे तेच लिहावे. फोटोचेही तसेच : जर्मनीत ३५ बाय ४५ मिलिमीटरचा काढतात, आपल्याला २ बाय २ इंच, चौकोनी लागतो. सही दोन ठिकाणी, एक फोटोच्या चौकटीखाली. सोबत जर्मनीचे निवासकार्ड, तुमचे निमंत्रणपत्र आणि लग्नपत्रिका जोडा. भाचीचा व्हिसा झटपट आला, तसा हा येईल असे धरू नका; चौकशीला वेळ लागतो. आम्ही तर दोन महिने हाताशी ठेवायला सांगू. तोवर परत न होणारे तिकीट काढू नका.

तिकीट शक्यतो फ्रँकफुर्ट-मुंबई थेट विमानाचे. मधे विमान बदलायचे तर त्या देशाचा ट्रान्झिटचा नियम प्रवासपत्राला वेगळा असू शकतो, आणि विमान कंपनी काउंटरवरच अडवते. स्वस्त पडते म्हणून सीरियामार्गे तर मुळीच नको. पुस्तिका सहसा मूळ देश वगळूनच वैध असते, आणि सीरियाच्या वकिलातीतून नवा पासपोर्ट घेतला तर निर्वासिताचा दर्जाच धोक्यात येतो.

पाहुणे घरी उतरले की २४ तासांत परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) ऑनलाइन भरायचा. हे काम यजमानाचे, म्हणजे तुमचे. लॉगिनला मंजुरी लागते, म्हणून नोंदणी मांडव पडायच्या आधीच करून ठेवा. अडले तर पोलिस आयुक्तालयात विचारा.

प्रश्न : थंडीत स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी ओळखीच्यांना परदेशी जायचे आहे. त्यांनाही हेच लागू का?

उत्तर : नाही. भारत १९५१ च्या करारात सहभागी नाही. तिबेटींना पिवळे आयडेंटिटी सर्टिफिकेट, म्हणजे भारताने दिलेले प्रवासपत्र, मिळते. त्यावर परदेशाचा व्हिसा घेतलाच, तरी निघण्याआधी एक्झिट परमिट (देश सोडण्याची परवानगी) आणि परतीचा व्हिसा हवा. मात्र आधी जन्मतारीख विचारा. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ दरम्यान भारतात जन्म असेल, तर ते जन्मानेच भारतीय नागरिक ठरतात आणि पासपोर्टासाठी अर्ज करू शकतात.