वाचकांचे प्रश्न : हॉल सेन्सरची संवेदनशीलता कशी काढावी?

प्रश्न : मोटर रिवाइंडिंगच्या कामात करंट मोजण्यासाठी ४९ई हा तीन पायांचा हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र व्होल्टेजमध्ये दाखवणारी चिप) आणला. निओडायमियम चुंबक जवळ नेला की आउटपुट ४.२ व्होल्टला अडकते, पुढे हलतच नाही. एका गॉसला (चुंबकीय क्षेत्राचे एकक) किती मिलिव्होल्ट, हे कसे काढायचे?
— एक वाचक, कुपवाड (जि. सांगली)

उत्तर : सेन्सर बिघडलेला नाही. त्याची मजल साधारण १००० गॉसपर्यंत, आणि निओडायमियमच्या अंगाला त्याच्या कितीतरी पट क्षेत्र असते. आतल्या अर्धवाहक पट्टीतून करंट वाहतो, आडवे चुंबकीय क्षेत्र विद्युतभारांना एका कडेला ढकलते आणि दोन कडांमध्ये किंचित व्होल्टेज येते. चिपमधला अ‍ॅम्प्लिफायर तेच वाढवून देतो. त्याची हद्द संपली की आउटपुट तिथेच थांबते.

मोजणीसाठी चुंबक नकोच. अंतर जरा बदलले तरी त्याचे क्षेत्र भलतेच बदलते. कॉइल गुंडाळा, ते तर तुमच्या हातचे काम. २० मिमी बाहेरच्या व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर १० सेंमी लांबीत २४ गेजच्या तारेचे ४८० वेढे, तीन थरांत. १ अँपिअरला मध्यभागी सुमारे ५९ गॉस मिळतात. (लांबच लांब कॉइलचे सूत्र ६० देते, आखूडपणामुळे थोडे घटते.) १२ व्होल्टच्या बॅटरीला १० ओहम, २० वॅटचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावा. कॉइल तापली की करंट उतरतो, म्हणून अँपिअर दरवेळी वाचा.

सेन्सर पाइपच्या आत मध्यभागी ठेवा. त्याची सपाट बाजू पाइपच्या तोंडाकडे हवी, त्यासाठी पाय काटकोनात वाकवा. ३० अंश तिरका राहिला तर १३ टक्के कमी दिसेल. जवळ लोखंडी स्क्रू, पक्कड काही नको.

खरी अडचण मीटरची. २० व्होल्टच्या रेंजवर साधा मीटर १० मिलिव्होल्टच्या पायरीने दाखवतो आणि इथला बदल जेमतेम ८० मिलिव्होल्ट. म्हणून सेन्सरच्या ५ व्होल्ट सप्लायवर १ किलोओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये जोडा आणि त्यांचा मधला बिंदू व सेन्सरचे आउटपुट यांमध्ये २ व्होल्टच्या रेंजवर मोजा. सप्लाय ७८०५चा (५ व्होल्ट स्थिर ठेवणारी रेग्युलेटर चिप) घ्या; ५ व्होल्ट हलले की संवेदनशीलताही त्याच प्रमाणात हलते.

आता कॉइलचा करंट उलटसुलट करून दोन वाचने घ्या. समजा १ अँपिअरला +११८ आणि −४८ मिलिव्होल्ट आली : फरक १६६, निम्मे ८३, भागिले ५९, म्हणजे १.४ मिलिव्होल्ट प्रति गॉस. शून्याचा फरक आणि पृथ्वीचे क्षेत्र यात आपोआप वजा होतात.

आउटपुट फक्त दोनच पातळ्यांवर उडत असेल तर हाती ३१४४सारखा, फक्त चालू-बंद दाखवणारा हॉल स्विच पडला आहे. त्याने करंट मोजता येणार नाही.