लहान मुलांना हिफ्जमुळे (म्हणजे कुराण तोंडपाठ करण्यामुळे) वळण लागतं का, की ती नुसती घोकंपट्टी?

लागतं, पण आपोआप नाही. पुण्याच्या कोंढव्यातल्या हिफ्ज शिकवणाऱ्या शाळांबद्दल विचारताय म्हणून सांगतो. हिफ्जमध्ये रोजचा नवा धडा म्हणजे सबक, गेल्या काही दिवसांचा तो सबकी आणि जुन्याची उजळणी म्हणजे मंजिल. मंजिल बुडवली की कुराणाचे 30 पारे (भाग) डोक्यात टिकत नाहीत, त्यामुळे चिकाटी येते ती इथून. उस्तादांसमोर (शिक्षकांसमोर) बसून चूक ऐकून घ्यायची आणि पुन्हा म्हणायचं, हे सात-आठ वर्षांच्या पोराला सोपं नसतं.

स्वभावाचं म्हणाल, तर अर्थ सांगितलाच पाहिजे. आपल्याकडे मुलं बहुधा शेवटच्या पाऱ्यातल्या छोट्या सूरांपासून (अध्यायांपासून) सुरुवात करतात. त्यातली अल-माऊन फक्त 7 आयतींची (वचनांची). अनाथाला हाकलून देणारा आणि साधी वापरायची वस्तूही न देणारा, दोघांची तिच्यात चांगली खरडपट्टी आहे. ती धडाधड म्हणणारा मुलगा शेजारच्याला खोडरबर देत नसेल, तर उस्तादांनी तिथेच त्या आयतीचा विषय काढावा. (घरीही हा उपाय चालतो!)

प्रवेशाआधी तासभर वर्गात बसून बघा. छडी दिसली तर सरळ दुसरी शाळा शोधा. हिफ्जसाठी गणित-मराठीचे तास कापत नाहीत ना, तेही विचारून घ्या.