बागेतल्या वटवट्याच्या पंखावर दोन पट्टे दिसले. हा टू-बार्ड (पंखावर दोन पट्टे असणारा, हिरवट वटवट्याचा जवळचा नातलग) का? आणि ती प्रजाती की उपप्रजाती?

दोन पट्टे दिसले की टू-बार्ड, इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! साध्या हिरवट वटवट्याची पिसं नवी असली की त्याच्याही पंखावर दुसरा पुसट पट्टा दिसतो. पिसं झिजली की पहिलाही जातो.

ह्याच पट्ट्यावरून आमच्या गटातल्या एका ज्येष्ठांशी माझं वाजलं होतं. त्यांनी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो मोठा केला आणि ‘टू-बार्ड, लायफर!’ (लायफर म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेली प्रजाती, यादीचा आकडा एकाने वाढला) म्हणून मोकळे झाले. फोटोत काय, तर पिसांच्या टोकांना चार फिकट ठिपके. सलग रेघसुद्धा नाही. मी त्याच पक्ष्याची हाक मोबाइलवर घेतली होती. दोन तुकड्यांची, ‘चि-स्ली’. टू-बार्डची तीन तुकड्यांची येते. ऐकवली, तर म्हणाले, ‘आवाजावर काय जायचं? आणि उपप्रजाती ठरली तर आकडाही वाढत नाही.’

माझं डोकं फिरलं ते ह्या आकड्यावर. अहो, ह्या हिरवट वटवट्याची सगळी गंमतच उपप्रजातींत आहे. तिबेटच्या पठाराला वळसा घालून त्या वलयासारख्या पसरल्यात. हिमालयातून पश्चिमेकडून वर जा की पूर्वेकडून, गाणं थोडं थोडं बदलत लांबत जातं. सैबेरियात दोन्ही टोकं भेटतात आणि तिथे पश्चिमेचा ‘विरिडॅनस’ नि पूर्वेचा ‘प्लंबिटार्सस’, म्हणजेच टू-बार्ड, एकमेकांचं गाणं ओळखत नाहीत. डॅरेन अर्विन ह्या जीवशास्त्रज्ञांनी रेकॉर्डिंग वाजवून हे तपासलं, 2001 साली ते छापून आलं. आणि म्हणे आवाजावर काय जायचं!

आता प्रजाती की उपप्रजाती. पक्ष्यांच्या जागतिक याद्यांचं ह्यावर बराच काळ एकमत नव्हतं. माझ्या मते दोन प्रजाती. शेजारी राहून सहसा जोड्या जमत नसतील तर आणखी काय पुरावा हवा? (म्हणजे त्या ज्येष्ठांचा आकडा वाढलाही असता, पण त्यांचा पक्षी टू-बार्ड नव्हताच.) अर्थात 2014 च्या जनुकीय अभ्यासात थोडा संकर सापडलाय आणि हे वलय वाटलं होतं तितकं अखंडही नाही, तेव्हा माझं मत दगडावरची रेघ समजू नका.

तुमचा पक्षी बहुधा विरिडॅनस, म्हणजे हिरवट वटवट्याच. टू-बार्ड हिवाळ्यात मुख्यतः आग्नेय आशियात जातो. हाक रेकॉर्ड करा. पक्षी गप्पच बसला, तर ‘पर्णवटवट्या, अनोळखी’ असं लिहून सोडून द्या. मी बरेच सोडलेत. आमचे ज्येष्ठ एकही सोडत नाहीत.